इलेक्ट्रिक ब्रेस्ट पंप : आठ महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

माझी मुलगी आता तेरा महिन्यांची आहे. ती पाच महिन्यांची असताना मी कामावर रुजू झाले आणि तेव्हापासून आठ महिने, सुट्टीचे दिवस सोडले तर, रोज तीन वेळा इलेक्ट्रिक पंपाने दूध काढत आले आहे. पंप घेताना मी मोटरची ताकद, सक्शनच्या म्हणजे ओढीच्या पातळ्या, आवाज आणि किंमत यांची तुलना करण्यात कितीतरी रात्री घालवल्या होत्या. प्रत्यक्षात ज्या दोन गोष्टींवर सगळे अवलंबून होते, त्यांच्याकडे माझे लक्षही गेले नव्हते. एक म्हणजे स्तनावर बसणाऱ्या नरसाळ्यासारख्या भागाचे, म्हणजे फ्लँजचे, माप आणि दुसरी म्हणजे त्याखालचा रबरासारखा छोटा व्हॉल्व्ह. कंपन्यांची नावे मी मुद्दाम देत नाही, कारण हा अनुभव कोणत्याही चांगल्या पंपाला तितकाच लागू पडतो.

आमचे घर डोंबिवलीला आणि कार्यालय फोर्टमध्ये. सकाळी सव्वाआठला घर सोडले की परत येईपर्यंत संध्याकाळचे सव्वासात होतात. कायद्यातील २०१७ च्या दुरुस्तीनंतर मातृत्व रजा २६ आठवड्यांची झाली असली, तरी मला प्रसूतीआधी चार आठवडे रजा घ्यावी लागली होती, त्यामुळे मुलीला सहा महिने पूर्ण होण्याच्या महिनाभर आधीच ती संपली. पहिले सहा महिने केवळ आईचेच दूध द्यायचे हे आम्ही दोघांनी ठरवले होते, आणि तो एक महिना निभावण्यासाठी पंप ही चैन नव्हती, गरज होती. आमच्या बालरोगतज्ज्ञांनी एक सोपा हिशेब सांगितला: या वयाच्या बाळाला आई घराबाहेर असेल त्या दर तासाला साधारण २५ ते ३० मिलिलिटर दूध लागते. अकरा तासांचे म्हणजे तीनशेच्या आसपास. हा आकडा हाती आल्यावर माझी निम्मी भीती गेली, कारण तोवर लिटरभर दूध साठवल्याशिवाय कामावर जाताच येणार नाही, अशी माझी समजूत होती.

पहिला पंप मी गरोदरपणातच, सातव्या महिन्यात, जवळच्या दुकानातून दोन हजारांच्या आत घेतला. तो एका बाजूचा होता, म्हणजे एका वेळी एकाच स्तनाचे दूध काढता येत असे, आणि त्याची रचना उघडी होती. उघडी म्हणजे काय, हे मला तेव्हा ठाऊक नव्हते. अशा पंपात दूध आणि मोटर यांच्यामध्ये पडदा नसतो. बाटली जरा कलली की दूध नळीत शिरते आणि नळीतून मोटरपर्यंत पोहोचू शकते. नळी धुता येते, मोटर आतून धुता येत नाही. वापराच्या तिसऱ्या आठवड्यात मला नळीच्या आत काळपट ठिपके दिसले आणि मी तो पंप त्याच दिवशी बाजूला ठेवला. विक्रेत्याने, हे वापरणाऱ्याच्या हातून होते, असे म्हणून बदलून देण्यास नकार दिला. आज मला पैशांपेक्षा या गोष्टीची अधिक चुटपुट वाटते की खोक्यावर कुठेही ती रचना उघडी असल्याचे लिहिलेले नव्हते.

याच कारणासाठी दुसरीने वापरलेला पंप घेताना फार जपावे. आपल्याकडे झबली, दुपटी, पाळणा हे सारे एका घरातून दुसऱ्या घरात मायेने जाते आणि जावेही. पण उघड्या रचनेच्या पंपाच्या मोटरमध्ये दुसऱ्या आईच्या दुधाचा अंश राहिलेला असू शकतो आणि तो कितीही उकळून काढता येत नाही. मोठ्या रुग्णालयांत अनेक माता एकच यंत्र वापरतात हे खरे, परंतु ती यंत्रे त्यासाठीच बनवलेली असतात आणि दुधाला लागणारे सुटे भाग प्रत्येकीचे वेगळे असतात.

दुसरा पंप बंद रचनेचा, दोन्ही बाजूंचा आणि आत बॅटरी असलेला घेतला. नऊ हजारांच्या आसपास खर्च आला. दोन्ही बाजूंचे दूध एकाच वेळी निघाल्यामुळे वेळ जवळजवळ निम्मा होतो, आणि कार्यालयात पंधरा मिनिटे मिळणे व अर्धा तास मिळणे यांत किती अंतर आहे, हे नोकरी करणाऱ्या कोणत्याही आईला वेगळे सांगायला नको. तरीही पहिले तीन आठवडे मला फार जड गेले. पंचवीस मिनिटे बसूनही दोन्ही बाजूंचे मिळून चाळीस-पन्नास मिलिलिटरच दूध निघे, स्तनाग्रे सुजत, आणि दूध वाढावे म्हणून मी सक्शन शेवटच्या पातळीपर्यंत नेत असे. तिसऱ्या आठवड्यात उजव्या बाजूला गाठ आली आणि ताप भरला. घरात शेकण्याचा आणि गाठ चोळून मोकळी करण्याचा सल्ला मिळाला. आजवर सगळ्या बाळंतिणींनी तेच केलेले होते. डॉक्टरांनी मात्र जोरात चोळायला स्पष्ट मनाई केली, थंड पट्ट्या ठेवायला सांगितल्या आणि स्तन रिकामा करण्याच्या हट्टाने जादा पंप न करता नेहमीइतकेच दूध काढायला सांगितले, कारण जास्त काढले की शरीर जास्त बनवते आणि सूज वाढते. मुलीला पाजणे थांबवू नये, हेही त्यांनी बजावले. चार दिवसांत मला आराम पडला.

त्याच भेटीत तेथील स्तनपान सल्लागार बाईंनी माझा पंप पाहिला आणि पहिलाच प्रश्न विचारला, "माप घेतलं होतं का?" माझ्या खोक्यात २४ मिलिमीटरची फ्लँज आली होती आणि तेच एक माप सर्वांना चालते, असे मी गृहीत धरले होते. त्यांनी साध्या पट्टीने माझ्या स्तनाग्राची बुडाशी रुंदी मोजली: एका बाजूला १६, दुसऱ्या बाजूला १७ मिलिमीटर. त्यात दोन-तीन मिलिमीटर मिळवून येणारे माप घ्यायचे असते, म्हणजे मला १९ ची फ्लँज हवी होती. मोजताना भोवतीचा गडद भाग धरायचा नाही, केवळ स्तनाग्र मोजायचे, आणि तेही दूध काढण्यापूर्वी, कारण काढल्यानंतर ते काही काळ सुजलेले असते. फ्लँज मोठी असली तर तो गडद भागही फ्लँजच्या नळीत ओढला जातो, दुखते आणि दूध नीट वाहत नाही; लहान असली तर स्तनाग्र कडेला घासते. आमच्या भागातील एकाही दुकानात १९ चे माप मिळाले नाही. शेवटी मूळ फ्लँजच्या आत बसणारी सिलिकॉनची छोटी जोडी ऑनलाइन मागवली, ती पाचशे रुपयांना आली. ती लावल्यावर पहिल्याच दिवशी, सक्शन निम्म्यावर ठेवून, पंधरा मिनिटांत नव्वद मिलिलिटर दूध निघाले. मी बाटली हातात धरून कितीतरी वेळ बसून राहिले. तीन आठवडे मी माझ्या शरीराला दोष देत होते आणि दोष पाच मिलिमीटरच्या पोकळीचा होता.

सक्शनबद्दलही येथे लिहिले पाहिजे, कारण जाहिरातींत सर्वाधिक भर त्यावरच असतो. माझी आजी साताऱ्याकडची. तिच्या गोठ्यात वासरू पुढे आल्याशिवाय गाय पान्हा सोडत नसे आणि ओढून दूध येत नाही, हे तिला पक्के ठाऊक होते. आईचेही तसेच आहे. बाळ आधी भराभर, हलके चोखते, त्याने पान्हा फुटतो, मग ते सावकाश आणि खोल ओढते. माझ्या पंपावर याच दोन टप्प्यांसाठी दोन वेगळी बटणे आहेत, आणि मी सुरुवातीला पहिले बटण वेळ वाया घालवणारे समजून टाळत होते. दुखऱ्या, ताणलेल्या अवस्थेत पान्हा अडतो. म्हणून न दुखता सोसवेल तेवढेच सक्शन ठेवावे. मी मोबाइलवर मुलीच्या हुंकारांचा आवाज साठवून ठेवला आहे. तो ऐकला की मिनिटभरात दूध वाहू लागते.

कार्यालयातील व्यवस्थेविषयी थोडेच लिहिते. मूल पंधरा महिन्यांचे होईपर्यंत आईला दिवसातून दोन वेळा स्तनपानासाठी सुट्टी देण्याची तरतूद १९६१ च्या मातृत्व लाभ कायद्यापासूनच आहे, परंतु माझ्या वरिष्ठांना ती माहीत नव्हती आणि मलाही अर्ज लिहायला बसेपर्यंत नव्हती. स्वच्छतागृहात दूध काढावे, अशी सूचना आली तेव्हा मी नम्रपणे पण ठामपणे नकार दिला. जिथे आपण जेवणार नाही तिथे बाळाचे जेवण काढू नये. अखेर जुन्या फायलींच्या खोलीला आतून कडी बसवून मिळाली. त्या खोलीत विजेची जोडणी नाही, म्हणून बॅटरीचा पंप घेतल्याचे समाधान मला रोज वाटते. पूर्ण चार्ज केल्यावर माझा पंप दोन दिवस, म्हणजे सहा वेळा, चालतो.

काढलेले दूध सांभाळणे हे अर्धे काम आहे. ताजे दूध पंचवीस अंश तापमानात चार तास, फ्रिजमध्ये चार दिवस आणि फ्रीझरमध्ये सहा महिन्यांपर्यंत चांगले राहते, असे सांगितले जाते. पण आपल्याकडच्या एप्रिल-मेमध्ये खोलीचे तापमान पंचवीस अंश नसतेच, म्हणून मी दूध एक तासही बाहेर ठेवत नाही. येताना ते बर्फाच्या पिशव्या घातलेल्या थर्मल बॅगेतून लोकलने आणते. फ्रिजमध्ये ते दारात न ठेवता आत, मागच्या बाजूला, तारीख लिहून ठेवते. पहिल्या आठवड्यात सासूबाईंनी ते दूध पातेल्यात ओतून गॅसवर ठेवले होते, कारण न तापवलेले दूध बाळाला देणे त्यांच्या मनाला पटत नव्हते. उकळल्याने त्यातले संरक्षक घटक कमी होतात आणि कोमट पाण्याच्या वाटीत बाटली ठेवली तरी पुरते, हे समजावल्यावर पुढचे आठ महिने त्यांनी माझ्यापेक्षाही काटेकोरपणे सारे पाळले. वर साय जमली म्हणजे दूध फाटले असे नव्हे, ते हलकेच फिरवले की एकजीव होते, हे आता त्याच शेजारणींना सांगतात. बाटलीऐवजी वाटी-चमच्याने पाजण्याचा आग्रहही त्यांचाच होता, आणि तो योग्य ठरला. मुलीला बाटलीची सवय लागली नाही आणि मी घरी आले की ती पूर्वीसारखीच अंगावर पिते.

दुधाला लागलेला प्रत्येक भाग दर वापरानंतर साबणाच्या पाण्याने धुवावा लागतो, आणि तो स्वयंपाकघरातील सिंकमध्ये टाकून नव्हे, तर वेगळ्या तसराळ्यात, वेगळ्या ब्रशने. यात दहा मिनिटे जातात. मी भागांचे दोन संच ठेवले आहेत आणि हा खर्च मला कधीही जड वाटला नाही. नळीत दूध गेले नसेल तर ती धुवायची नाही. आत बाष्प दिसले तर नुसती नळी जोडून पंप दोन मिनिटे चालू ठेवायचा.

चौथ्या महिन्यात दूध अचानक कमी झाले. नव्वदवरून सत्तर, मग पन्नास. घरी अळिवाची खीर सुरू झाली, डिंकाचे लाडू आले, शतावरी आली, आणि मी रात्री उठून चौथ्यांदा पंप करू लागले. आठवडाभराने मला सहज दिसले की व्हॉल्व्हची चोचीसारखी फट आपोआप मिटत नाही, ती किंचित उघडी राहते. हा भाग सिलिकॉनचा असतो. रोज तीन-चार वेळा वापरला आणि गरम पाण्यात धुतला की सैल पडतो, आणि मोटर तितकीच जोरात चालत असूनही ओढ स्तनापर्यंत पोहोचत नाही. आवाज तोच राहतो, म्हणून संशयही येत नाही. पंपासोबतच्या माहितीपत्रकात हा भाग बदलण्याचा उल्लेख बारीक अक्षरात होता, आणि कंपनीकडून नवी जोडी यायला तीन आठवडे लागले. नवे व्हॉल्व्ह बसवल्यावर दोन दिवसांत दूध पूर्वीइतके निघू लागले. तेव्हापासून मी दर दोन महिन्यांनी ते बदलते आणि एक जोडी पर्समध्ये ठेवते. म्हणून पंप घेण्यापूर्वी मी आता सर्वांत आधी हे विचारेन की त्याचे व्हॉल्व्ह आणि वेगवेगळ्या मापांच्या फ्लँज कुठे मिळतात व किती दिवसांत येतात.

कपड्यांच्या आत बसणारे बिनवायरचे पंप मी वापरलेले नाहीत. माझी एक सहकारी वापरते आणि तिला बैठकीतही दूध काढता येते, हे मी पाहिले आहे. मात्र खाली वाकले की सांडते आणि स्तनाग्र मधोमध आहे की नाही हे दिसत नाही, असे ती म्हणते.

गेल्या महिन्यात माझ्या मामेबहिणीला मुलगा झाला. तिने माझाच पंप मागितला. मी तिला तूर्त शिलाईच्या डब्यातली पट्टी दिली आणि आधी माप घ्यायला सांगितले. ते २१ आले. आता तिच्यासाठी २४ ची फ्लँज आणि व्हॉल्व्हच्या दोन जोड्या मागवल्या आहेत. त्या आल्या की मग पंप बघू.