घरगुती पाणयानाच्या बॅटरीवर नजर ठेवणारे आयएनए २१९ मॉड्यूल

पुण्यात बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत घेतलेले आयएनए २१९ मॉड्यूल मी घरी बांधलेल्या पाण्याखालच्या यानात बसवले असून, छोट्या यानासाठी ते मनापासून सुचवावेसे वाटते. २६ व्होल्टपर्यंतचे व्होल्टेज आणि ०.१ ओहमच्या शंटमधून (प्रवाह मोजण्यासाठी त्याच्या वाटेत बसवलेल्या छोट्या रोधातून) जाणारा प्रवाह ते मोजते; तीन सेलच्या, पूर्ण भरल्यावर १२.६ व्होल्ट देणाऱ्या लिथियम बॅटरीला एवढे पुरते. दोन्ही मोटारी एकदम चालू केल्या की पडद्यावरचा व्होल्टेजचा आकडा झर्रकन खाली येतो आणि त्या थांबताच पुन्हा वर चढतो, म्हणून केवळ व्होल्टेजवर विसंबून न राहता खर्च झालेले अँपिअर-तासही दाखवावेत.

मर्यादा मात्र मोठी आहे. ३.२ अँपिअरच्या पुढे हे मॉड्यूल मोजत नाही, त्यामुळे दमदार मोटारींसाठी आयएनए २२६ घ्यावे. पण घेताना शंटवरची अक्षरे जरूर वाचावीत, कारण तिथे ‘आर१००’, म्हणजे ०.१ ओहम, असेल तर ते जेमतेम ०.८ अँपिअर मोजते. मॉड्यूलकडून आकडे वाचण्याची आय-टू-सी ही दोन तारांची जोडणी लांब केबलवर भरवशाची नसते, तेव्हा मोजणी यानातच करून आकडे आरएस-४८५ या लांब केबलवर चालणाऱ्या जोडणीवरून काठावरच्या लॅपटॉपकडे पाठवावेत.