टाब्लुटचा लाकडी पट: आठ महिन्यांच्या वापरानंतर

टाब्लुट हा दोघांनी पटावर खेळायचा जुना खेळ. संचात घडीचा लाकडी पट, 9×9 घरं, 16 काळ्या सोंगट्या, 8 पांढऱ्या आणि त्यांचा 1 राजा. सोंगट्या हाताला छान जड लागतात, राजा उंच असल्याने लांबूनही ओळखू येतो. संच जरूर घ्यावा, पण सोबतचा नियमांचा कागद बाजूला ठेवावा. त्यातला राजाला मारायचा नियमच चुकीचा आहे. त्या कागदाने खेळायला बसलं की काळ्यांना डाव जिंकणं जवळजवळ अशक्य होतं.

या चुकीचं मूळ जुनं आहे. व्हायकिंगांच्या काळात स्कँडिनेव्हियात ह्नेफाताफ्ल खेळत. बुद्धिबळ आलं आणि तो मागे पडला. टाब्लुट हा त्याचाच उत्तरेत टिकलेला प्रकार. 1732 मध्ये स्वीडिश निसर्गशास्त्रज्ञ कार्ल लिनियस उत्तर स्कँडिनेव्हियातल्या लॅपलँडमध्ये फिरत असताना तिथल्या मूळच्या सामी लोकांचा हा खेळ त्याने पाहिला आणि नियम रोजनिशीत टिपले. दोन शत्रूंच्या मध्ये सापडलेली सोंगटी मरते, असं लिहून पुढे त्याने जोडलं: 'लिकसो रेक्स', म्हणजे राजासुद्धा. 1811 च्या इंग्रजी भाषांतरात त्याचं झालं 'राजा सोडून'. मग राजाला कुठेही चारही बाजूंनी घेरायला हवं, असा समज पसरला. आमच्या संचातल्या कागदावरही तेच छापलंय.

लिनियसचा नियम असा: राजा मधल्या घरात, म्हणजे कोनाकिसमध्ये असेल तर चार सोंगट्या लागतात, त्या घराला लागून असेल तर तीन, बाकी कुठेही दोन पुरतात. सगळे हत्तीसारखे सरळ चालतात, मधल्या घरात दुसरं कोणी बसत नाही आणि राजा पटाच्या कडेला पोचला की पांढरे जिंकले. कडेची एक वाट मोकळी झाली तर राजाच्या बाजूने 'राइखी' म्हणायचं, दोन झाल्या तर 'तुइखू'. दोन वाटा एकदम अडवता येत नाहीत, तेव्हा डाव तिथेच संपला.

या नियमांनी राजाला एकट्याने पुढे धावता येत नाही, आणि खेळाची खरी मजा तिथे आहे. काळ्यांनी मारामारीच्या नादी लागू नये, राजाभोवती तिरकी फळी उभारावी. तिरक्या फळीतून कोणी सरळ चालीने निसटू शकत नाही, आणि चारही कडांच्या मधल्या घरांना जोडणाऱ्या तिरक्या चौकोनाच्या बाजूंवर बरोबर 16 घरं येतात! चार टोकांच्या सोंगट्या मुळातच जागेवर असतात. उरलेल्या 12 बसवायला किमान 16 चाली लागतात. पांढरे तेवढी उसंत देत नाहीत, पण एकही सोंगटी फुकट घालवली तर तो चौकोन पुरा होतच नाही, हे पक्कं ध्यानात ठेवावं.

आता पटाची खोड. घरं विषम असल्याने घडीची रेघ मधल्या ओळीतून, थेट राजाच्या पायाखालून जाते. पावसाळ्यात लाकूड फुगलं की दोन्ही अर्धे भाग वरखाली होतात आणि राजा डुगडुगतो. त्याच्या बुडाला पातळ फेल्टची चकती चिकटवली की थांबतो. पट मिटून ठेवू नये. उघडा, सपाट आणि वर वजन ठेवून ठेवावा.

खर्च नको असेल तर जाड पुठ्ठ्यावर 4 सेंमीची घरं आखली की 36 सेंमीचा पट होतो. कॅरमच्या दोन जुन्या संचांतल्या 16 काळ्या, 8 पांढऱ्या आणि राजाच्या जागी राणी.