काँक्रीट रेव्होल्युशियो: कॅलेंडर जवळ ठेवून बघा

सुपरहिरो म्हटलं की मला जांभई येते. तरी २०१५च्या ऑक्टोबरची मी वाट पाहत होते, कारण 'काँक्रीट रेव्होल्युशियो' या जपानी ॲनिमे मालिकेसाठी बोन्स स्टुडिओ, दिग्दर्शक सेइजी मिझुशिमा आणि लेखक शो आइकावा एकत्र येणार होते.

कथेतला जपान आपला नाही. तिथे शोवा (सम्राट हिरोहितोच्या कारकिर्दीचं पर्व) नव्हे, 'शिनका' पर्व चालू आहे. शिनका ४१ म्हणजे आपलं १९६६, अल्ट्रामॅन हा जपानी सुपरहिरो टीव्हीवर आला तेच साल. राक्षस, भुतं, जादूगार मुली, यंत्रमानव, सगळे खरेच आहेत आणि त्यांची नोंद ठेवायला चक्क सरकारी खातं! जिरो हितोयोशी त्या खात्यात नोकरीला. मला सगळ्यात आवडलं ते हेच. महामानव सापडला की त्याला सांभाळायचं, लपवायचं की वापरायचं, हा प्रश्न फायलीत अडकतो. मागे विद्यार्थी आंदोलनांचा धूर असतोच.

पण पहिल्याच भागात कथा टुणकन पाच वर्षं पुढे उडी मारते आणि जिरो खातं सोडून गेलेला दिसतो. का? सांगत नाहीत. मी चौथ्या भागापासून कागदावर सालं लिहायला लागले (हसू नका, उपयोग झाला). रंग मात्र भडक, जुन्या पोस्टरसारखे. पहिले दोन भाग डोळे दिपले, मग सवय झाली.

दोन टप्प्यांत मिळून २४ भाग आहेत. जेवताना लावू नका, घास हातात राहील आणि साल निसटेल.