लोअर केलेल्या गाडीला कॅम्बर बोल्ट आणि अ‍ॅडजस्टेबल आर्म: बऱ्याच महिन्यांच्या वापरानंतर

गाडी साधारण ३५ मिलिमीटर खाली आणणाऱ्या स्प्रिंगा बसवल्या आणि मागच्या टायरांनी फार लवकर मान टाकली. बाहेरून बघितलं तर टायर अर्धा नवा, आतल्या कडेला मात्र खाचांचा पत्ता नाही. ‘लोअर केलीस ना, मग गाडी टायर खाणारच’ हे ज्याला त्याला पाठ असलेलं वाक्य. मला ते पटलं नाही. म्हणून नव्या टायरांबरोबरच पुढे कॅम्बर (चाकाचा माथा आत किंवा बाहेर झुकण्याचा कोन) बदलणारे कॅम्बर बोल्ट आणि मागे लांबी बदलता येणारे वरचे आर्म (चाक गाडीला जोडणारे दांडे) घालून घेतले. त्यावर आता दहा-बारा हजार किलोमीटर झालेत, म्हणून हे लिहितोय.

आधी निकाल सांगतो. टायर वाचले. पण त्याचं निम्म्याहून जास्त श्रेय या पार्टना नाही, ते बसवल्यावर नीट लावलेल्या ‘टो’ला आहे. टो म्हणजे वरून बघितल्यावर चाक सरळ रेषेपासून आत किंवा बाहेर वळलेलं असण्याचा कोन.

स्प्रिंगांनंतरच्या पहिल्या अलायनमेंटच्या प्रिंटवर पुढचा कॅम्बर उणे १.७ अंशाच्या आसपास होता आणि मागचा उणे अडीचच्या पुढे. गाडी खाली बसली की सस्पेन्शनचे आर्म वर उचलले जातात आणि चाकाचा माथा आत झुकतो. माझ्या गाडीत मागे मल्टिलिंक (प्रत्येक चाकाला अनेक वेगळे आर्म असलेलं सस्पेन्शन) असल्याने तिथे हा परिणाम जास्त. बहुतेकांचं लक्ष या आकड्यावरच खिळतं, कारण झुकलेलं चाक डोळ्यांना दिसतं. त्याच प्रिंटवर मागचा टोही बिघडलेला होता, आणि तो उभं राहून बघितल्यावर दिसत नाही.

टोचं गणित एकदा करून बघा. चाक सरळ रेषेपासून फक्त ०.१ अंश, म्हणजे कोनमापातली ६ मिनिटं, वळलेलं असेल तर प्रत्येक किलोमीटरमागे टायर सुमारे पावणेदोन मीटर आडवा घासला जातो. १६ इंची रिमच्या कडेवर मोजला तर हा फरक जेमतेम ०.७ मिलिमीटर भरतो. कॅम्बर वजन आतल्या कडेवर टाकतो, टो त्याच कडेला रस्त्यावर घासत नेतो. नुसता दीड अंशाचा कॅम्बर टायर सहन करतो. त्यात टो बिघडला की कड भसाभस जाते.

आता पार्टबद्दल. पुढचा कॅम्बर बोल्ट स्ट्रट (स्प्रिंग आणि शॉकअपचा उभा खांब) आणि नकल (चाक ज्यावर बसतं तो भाग) जोडणाऱ्या दोन बोल्टांपैकी एकाच्या जागी बसतो. मधला भाग एका बाजूला फुगीर असल्याने बोल्ट फिरवला की नकल आत-बाहेर सरकते. माझ्याकडे एकूण अंशभराचा फरक सहज मिळाला. उणी बाजू अशी की तो मूळ बोल्टपेक्षा बारीक असतो, म्हणून टॉर्क रेंचनेच (ठरावीक जोराने आवळणाऱ्या पान्याने) आवळायचा. डोक्यावर आणि स्ट्रटवर मिळून मार्करने एक रेघ मारून ठेवली आहे. मोठा खड्डा बसला की रेघ जुळते का एवढं बघतो. आजवर सरकलेला नाही.

मागचे आर्म जास्त कामाचे, आणि जास्त कटकटीचेही. वरचा आर्म लांब केला की चाकाचा माथा बाहेर येतो. त्यामुळे मागचा कॅम्बर उणे दीडवर आला. पण माथा बाहेर आला म्हणजे टायरही फेंडरच्या ओठाजवळ आला. चार माणसं आणि डिकीत सामान असताना एका मोठ्या उंचवट्यावर घासल्याचा आवाज आला. तेव्हा कॅम्बर थोडा परत वाढवून घेतला. रुंद टायर किंवा बाहेर निघालेली रिम असेल तर ही जागा आधी मोजा. माझ्या आर्मना एका टोकाला गोल धातूचा जॉइंट आहे. पावसाचं पाणी आणि चिखल बसून तो थंडीत कुरकुरतो. रबरी बुशवाले मिळत असतील तर रोजच्या गाडीला तेच घ्या. आणि ते रबरी बुश आवळायचे गाडी चाकांवर उभी असताना. हवेत लटकत्या अवस्थेत आवळले तर गाडी खाली आल्यावर रबर कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं.

अलायनमेंटचा क्रम चुकवू देऊ नका: आधी मागचं, मग पुढचं, आणि दोन्हीकडे आधी कॅम्बर, नंतर टो. कॅम्बर हलवला की टो आपोआप हलतो, त्यामुळे उलट क्रमाने केलेलं काम पुसलं जातं. एका ठिकाणी मशीनच्या पडद्यावर ‘सगळं हिरवं आलं’, म्हणजे आकडे मर्यादेत आले, म्हणून गाडी परत दिली. हिरवा पट्टा मूळ उंचीच्या गाडीसाठीचा आणि बराच रुंद असतो. आत येऊनही टो एका टोकाला असू शकतो. मी आता आकडा सांगूनच करून घेतो: पुढे जवळपास शून्य, मागे किंचित टो-इन (चाकांची पुढची बाजू आत वळलेली), आणि आधीची-नंतरची दोन्ही प्रिंट हातात. नव्या स्प्रिंगा थोड्या आणखी बसतात, म्हणून काही आठवड्यांनी पुन्हा मोजणी.

सध्या पुढच्या टायरच्या आतल्या आणि बाहेरच्या खाचेत ०.३ मिलिमीटरचा फरक आहे, मागे अर्ध्या मिलिमीटरचा. खोली तीन जागी मोजतो: आत, मध्ये, बाहेर. पुढची आतली कड स्टिअरिंग पूर्ण वळवून दिसते. मागच्यासाठी खाली वाकावंच लागतं. तळहात आडवा फिरवल्यावर एका दिशेला गुळगुळीत आणि उलट दिशेला करवतीसारखं लागलं, तर टो बिघडलाय.

मागे टॉर्शन बीम (दोन्ही चाकं जोडणारी एकच आडवी तुळई) असलेल्यांना यातले आर्म उपयोगाचे नाहीत, तिथे शिम (कोन बदलणाऱ्या पातळ चकत्या) घालावे लागतात. आणि टायरवर जागोजागी वाटीसारखे खड्डे पडत असतील तर कॅम्बर किटवर पैसे घालण्याआधी शॉकअप तपासा; लोअर स्प्रिंगांवर जुने मूळ शॉकअप बहुधा तेच करतात.