क्रेमोनाचं व्हायोलिन संग्रहालय: वेळ काढून जा

इटलीत मिलानहून ट्रेनने साधारण तासाभरात क्रेमोना. मी वीस वर्षं मांडी घालून, व्हायोलिनचं डोकं पायावर टेकवून राग वाजवतेय. त्यामुळे 'म्युझिओ देल व्हिओलिनो'त शिरताना छाती धडधडत होती.

इथल्याच विख्यात वाद्यकारागीर स्ट्रादिव्हारीचं 1715 सालचं 'इल क्रेमोनेझे' नावाचं व्हायोलिन काचेमागे आहे. चारही बाजूंनी फिरून पाहता येतं. पाठीवरच्या मेपल लाकडातल्या लाटा आपण सरकलो की सरकतात, जणू व्हार्निशखाली पाणी हलतंय. त्याच्या आधीच्या काळातला कारागीर आंद्रेआ आमाती, त्याने फ्रान्सचा राजा नववा चार्ल्स याच्यासाठी घडवलेलं व्हायोलिन तर त्याहून सुमारे दीडशे वर्षं जुनं! 1700 सालचा स्ट्रादिव्हारी चेलोही (व्हायोलिनचा मोठा, खर्जातला भाऊ) इथेच.

पण मी सर्वांत जास्त रेंगाळले ती स्ट्रादिव्हारीच्या कारखान्यातल्या वस्तूंपाशी. लाकडी साचे, कागदी नमुने, त्यांवर त्याचंच हस्ताक्षर. याच साच्यांभोवती पातळ पट्ट्या वाकवून तो वाद्याचा सांगाडा उभा करायचा. बघताना डोळे भरून आले.

तिकीट काढताना सभागृहातल्या वादनाची वेळ जरूर विचारा. ही वाद्यं बंद करून ठेवत नाहीत, नेमाने वाजवतात. खर्जाची तार लागली तेव्हा मागच्या रांगेतही तो स्वर अगदी कानाशी होता.