स्क्रीन फुटली, फाइली हव्यात: टीव्हीची केबल, केसिंग की सीताबर्डीचं दुकान?

मे महिन्यात नागपुरातल्या मानेवाड्याहून भाचीचा फोन आला. दिवाणावर ठेवलेल्या लॅपटॉपवर रात्री झोपेत तिचाच पाय पडला होता. सकाळी उघडून पाहते तर शाई सांडल्यासारखा काळा डाग आणि त्याच्या बाजूला रंगीत उभ्या रेघा. "मामा, दुकानवाला म्हणून राहिला, डेटा रिकव्हरीचे सहा हजार लागतील. स्क्रीनचे वेगळे." एमफार्मचं डिझर्टेशन त्यात, आणि जमा करायला आठ दिवस.

तिला म्हटलं, तो रिकव्हरी शब्द आधी डोक्यातून काढ. फाइली असतात हार्ड डिस्कवर किंवा एसएसडीवर, स्क्रीनमध्ये काही साठवलेलं नसतं. डिस्क धड असेल तर कुठलीच फाइल हरवलेली नाही, फक्त दिसत नाही. रिकव्हरी लागते ती डिस्कच बिघडल्यावर.

तेव्हा पैसे काढण्याआधी एवढं बघा की लॅपटॉप जिवंत आहे का. सुरू करून दोनेक मिनिटांनी कॅप्स लॉक दाबा. त्या बटणाचा दिवा लागतो-विझतो आहे म्हणजे मशीन चालू आहे. जुन्या लॅपटॉपमध्ये फिरती हार्ड डिस्क असेल तर कूलर बंद करा आणि कान लावा. आमच्याकडे मे महिन्यात कूलरच्या घरघरीपुढे काही ऐकू येत नाही, म्हणून मुद्दाम सांगतो. बारीक, एकसारखी गुणगुण ठीक. ठरावीक अंतराने टक्-टक् येत असेल तर ताबडतोब बंद करा आणि पुढचं काहीही करू नका. ते काम डेटा रिकव्हरीवाल्यांचंच.

मशीन जिवंत असेल तर माझं मत सरळ आहे: आधी टीव्ही. एचडीएमआय केबल घरात नसली तरी दोनशे-चारशेत मिळते आणि एकही स्क्रू उघडावा लागत नाही. लॅपटॉप बंद असताना केबल जोडा, टीव्हीचा सोर्स त्याच एचडीएमआयवर ठेवा, मग सुरू करा. पुष्कळदा चित्र आपोआप येतं. नाही आलं, किंवा नुसता वॉलपेपर दिसला आणि लॉगिनचा चौकोन नाही, तर तो चौकोन फुटक्या स्क्रीनवर अडकलाय. विंडोजचं बटण धरून पी दाबा, दोन्ही सोडा, खालचा बाण एकदा, मग एंटर. चार-पाच सेकंद थांबा. नाही जमलं तर पुन्हा तेच. भाचीच्या घरी दुसऱ्या खेपेला टीव्हीवर पिन मागणारी चौकट उमटली आणि ताईने हात जोडले.

अडचण येते ती पोर्टची. काही पातळ लॅपटॉपना नुसतं टाइप-सी असतं आणि प्रत्येक टाइप-सीमधून चित्र बाहेर येत नाही. काही फक्त चार्जिंग आणि डेटापुरते असतात. ॲडॉप्टर विकत घेण्याआधी मॉडेलचा तपशील बघून घ्या. शिवाय कॉपी करायच्या पेन ड्राइव्हचा फॉरमॅट फॅट३२ असेल तर चार जीबीपेक्षा मोठी फाइल त्यावर जात नाही, ड्राइव्ह रिकामा असला तरी. लोक उगाच ड्राइव्ह खराब म्हणून फेकतात.

दुसरा रस्ता डिस्क काढून केसिंगमध्ये, म्हणजे यूएसबीने दुसऱ्या कॉम्प्युटरला जोडायच्या डबीत, घालायचा. हा स्वस्त आणि खात्रीचा म्हणून सांगितला जातो. स्वस्त आहे, खात्रीचा पूर्वी होता. अडीच इंची साटा (जुन्या पद्धतीच्या जोडणीच्या) डिस्कचं केसिंग तीनशे-पाचशेत येतं. बारीक पट्टीसारख्या एनव्हीएमई एसएसडीचं हजार ते दोन हजारांपर्यंत जातं. पट्टी हातात आल्यावर तिच्या सोनेरी टोकाकडे बघा: एक खाच असेल तर बहुधा एनव्हीएमई, दोन असतील तर बहुधा साटा. फक्त एनव्हीएमईसाठी केलेल्या केसिंगमध्ये साटावाली चालत नाही, म्हणून आधी पट्टी काढा, मगच केसिंग घ्या. काढण्यापूर्वी बॅटरीचं कनेक्टर सोडवा. मागचे सगळे स्क्रू काढूनही झाकण हलत नसेल तर जोर लावू नका, दोन स्क्रू रबरी पायांखाली दडलेले असू शकतात. कडा सोडवायला मुदत संपलेलं एटीएम कार्ड छान चालतं.

खरी अडचण कुलपाची. विंडोज ११ च्या बऱ्याच नव्या लॅपटॉपवर, मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन केलं की, डिस्क न विचारता एन्क्रिप्ट, म्हणजे कुलूपबंद, झालेली असते. ती डिस्क दुसऱ्या कॉम्प्युटरला लावली की ४८ आकडी बिटलॉकर की, म्हणजे त्या कुलपाची किल्ली, मागते. ही किल्ली बहुधा त्याच मायक्रोसॉफ्ट खात्यात जपलेली सापडते, मोबाइलवरून लॉगिन करून बघता येते. पण खात्याचा पासवर्डच आठवत नसेल तर डिस्क हातात असूनही उपयोग नाही. टीव्हीच्या रस्त्यात हा प्रश्न सहसा येत नाही, कारण डिस्क स्वतःच्याच मशीनमध्ये असते. आणि 'डिस्क फॉरमॅट करायची का' असा प्रश्न स्क्रीनवर आला तर कधीही हो म्हणू नका.

कित्येक स्वस्त लॅपटॉपमध्ये आणि अलीकडच्या मॅकबुकमध्ये स्टोरेज मदरबोर्डवरच सोल्डर केलेलं असतं. तिथे केसिंगचा विचारच सोडा.

मग केसिंग कधी घ्यायचं? लॅपटॉप सुरूच होत नसेल, किंवा तो जुना असून पुन्हा वापरायचा नसेल, तेव्हा. ती डिस्क पुढे बॅकअपला कामी येते. पण वेळ धरून चला: यूएसबी २.० वरून दोनशे जीबी उतरवायला दीड-दोन तास लागतात.

नवी स्क्रीन बसवायची तर साध्या १५.६ इंची पॅनेलला साधारण साडेतीन ते सहा हजार, टचस्क्रीनला बरेच जास्त. लॅपटॉप दोन-तीन वर्षांचा असेल तर हे करायचंच आहे, फक्त फाइली आधी काढून घ्या. मेट्रोने सीताबर्डी इंटरचेंजला उतरलं की दुकानांची कमी नाही. दुकानात पॅनेलच्या मागचा पार्ट नंबर जुळवून घ्या, ३० पिन आणि ४० पिन एकमेकांना चालत नाहीत.

दुकानात नुसत्या फाइली काढायला देणं मला पटत नाही. पासवर्ड कागदावर लिहून द्यावा लागतो आणि आधार, पॅन, घरचे फोटो सगळं रात्रभर परक्या टेबलावर. दिलंच तर समोर बसून कॉपी करून घ्या. इतवारीतल्या व्यापाऱ्यांना एक वेगळं सांगणं: टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा डेटा बहुधा डॉक्युमेंट्समध्ये नसतो. टॅलीत कंपनी निवडताना जो पाथ दिसतो तो फोल्डर घ्या, नाहीतर नुसती बिलांची पीडीएफ घेऊन परत याल.

भाचीचं डिझर्टेशन वेळेत गेलं. स्क्रीन अजून बदललेली नाही. लॅपटॉप टीव्हीखालच्या कप्प्यात झाकण मिटून पडलेला असतो आणि रात्री साडेआठला ताईची मालिका सुरू झाली की पोरगी पेन ड्राइव्ह घेऊन आमच्याकडे येते.