फेकजाळं: आठ महिने वापरल्यावर

ऑक्टोबरपासून मेपर्यंत जवळजवळ दर रविवारी फेकजाळं वापरलंय (हाताने गोल फेकायचं, कडेला शिशाचे मणी असलेलं जाळं, कोकणातले याला पाग म्हणतात), तर आता नीट लिहितो, कारण घेताना मला मराठीत कुठेच सरळ माहिती मिळाली नव्हती. मी खायचे मासे धरायला वापरत नाही, मरळीसाठी गळाला जिवंत आमिष लागतं, बोटभर चिलापी आणि चांदीसारखे चमकणारे बारीक मासे, ते धरायला वापरतो. पुण्यातून पहाटे चारला निघतो, सोलापूर रोडने भिगवणच्या बाजूला उजनीच्या फुगवट्यावर. तिथल्या मासेमारांना विचारल्याशिवाय जाळं टाकायचं नाही, हे पहिलंच सांगतो. धरणातली मासेमारी ठेक्याने किंवा मच्छीमार सोसायटीला दिलेली असते, त्यांचं पोट आहे त्याच्यावर.

आधी मी ऑनलाइन आठ फुटी घेतलं. आठ फूट म्हणजे त्रिज्या, उघडलं की सोळा फुटांचा गोल, हे मला पार्सल आल्यावर कळलं. ओलं झाल्यावर ते उचलून पहिले चार-पाच फेक जमतात, मग खांदा भरून येतो आणि जाळं उघडायच्या ऐवजी केळीसारखं लांबट पडतं. शिवाय त्याच्या शिशाच्या मण्यांमधे चार-चार बोटं अंतर होतं, म्हणजे खालची कड तळाला नीट टेकत नव्हती आणि मासे खालून आरामात निघून जायचे. दोन महिने मला वाटत होतं माझंच चुकतंय. थोडं चुकत होतंच, पण जाळंही बेकार होतं.

मग डिसेंबरात चार फुटी घेतलं आणि तेच आजपर्यंत वापरतोय. शिसं पावणेदोन किलोच्या आसपास, मणी जवळजवळ आणि सारख्या अंतरावर. आमिषासाठी एवढं भरपूर होतं, चांगला फेक पडला तर आठ फुटांचा गोल मिळतो आणि एका फेकात वीस-पंचवीस पिल्लं येतात, आपल्याला दिवसाला दहा लागतात. आस, म्हणजे जाळ्याच्या भोकाचं माप, बघताना मात्र डोळे उघडे ठेवा. माझ्या जाळ्यावर २० मिमी लिहिलं होतं, ते ताणून मोजलेलं होतं, गाठ ते गाठ १० मिमीच आहे. दुकानदाराला हे विचाराच, कारण आस मोठा निघाला तर पिल्लं त्यात कल्ल्याला अडकतात आणि सोडवताना मरतात, मेलेलं आमिष मरळीला काय कामाचं. आणि फार बारीक घेतलं तर जाळं पाण्यात सावकाश बुडतं, तोवर मासे पसार.

फेकायला शिकलो ते दोन ठिकाणी. आधी सोसायटीच्या लॉनवर, मधे एक रिंग ठेवून (सिमेंटवर अजिबात नको, दोरे खरवडतात) आणि खरं शिकलो ते उजनीवरच्या एका भोई काकांकडून. व्हिडिओत सगळे शिशाची कड दातात धरतात, मीही धरायचो, काकांनी बघितल्या बघितल्या थांबवलं. शिसं विषारी असतं, तोंडात घालायची वस्तू नाही ती. ते एक तृतीयांश जाळं डाव्या कोपरावर टाकतात, बाकीचं उजव्या हातात, आणि कमरेतून फिरून सोडतात. जोर हातात नाही, कमरेत. दुसरं म्हणजे, "पाव्हणं, आधी पाण्यात भिजवून घ्या की, कोरडं जाळं उघडत न्हाई." नायलॉन कोरडं असताना ताठ असतं, भिजलं की मऊ पडतं, त्या एका गोष्टीने माझे निम्मे फेक सुधारले.

पाणी गुडघा ते कमरेएवढं असेल तिथेच टाकतो. त्याहून खोल पाण्यात चार फुटी जाळं तळाला जाईपर्यंत मिटायला लागतं. आधी कोंडा आणि शेंगदाणा पेंडीचा गोळा टाकून दहा मिनिटं गप्प बसायचं. जाळं पडल्यावर लगेच ओढायचं नाही, तळाला टेकू द्यायचं, मग एक झटका देऊन कड मिटवायची आणि हळूहळू ओढायचं.

एक गंभीर गोष्ट. दोरीचा फास मनगटात असतो, तर घड्याळ, अंगठी काढून ठेवा, शर्टाला बटणं नकोत, आणि कमरेला सुरी ठेवा. उजनीच्या कडेला गाळात पाय मांडीपर्यंत जातो. जानेवारीत माझा गेला होता आणि जाळं बाभळीच्या खुंटात अडकलं होतं, सोबत मित्र होता म्हणून निघालो. एकट्याने जाऊ नका, लाइफ जॅकेट घाला.

उन्हाळ्यात पाणी उतरलं की हे खुंट आणखी वर येतात. तीन ठिकाणी फाटलं, त्यातलं एक काकांनी सुईने विणून दिलं, दोन मी शिकून विणली. ओढताना कड मिटवणाऱ्या आतल्या दोऱ्यांपैकी एकीची गाठ मार्चमधे सुटली, ही या चार फुटीतली एकच खरी तक्रार. घरी आलं की साध्या पाण्याने धुवून सावलीत वाळवतो, उन्हात नायलॉन कडक होऊन तुटतं. फाटलेला तुकडा काठावर कधीच सोडत नाही, तिथे रोहित पक्षी उतरतात, त्यांच्या पायात अडकतो.

पिल्लं बादलीत ठेवताना तिथलंच पाणी, बॅटरीवरचा एअर पंप, आणि अर्ध्या तासाने थोडं पाणी बदलायचं. नळाचं पाणी घातलं तर क्लोरीनने मरतात. उरलेली तिथेच सोडा. चिलापी मूळची आफ्रिकेतली, १९५२ मधे भारतात आणलेली आणि आता सगळीकडे माजलेली, ती बादलीतून मुळशी-पानशेतला नेऊन सोडू नका प्लीज.

जूनपासून माझं जाळं खुंटीवर. पावसाळ्यात मरळ अंडी घालते, पिल्लांचा थवा वर असतो आणि आई-बाप खाली राखण करत असतात, त्या वेळी गळ टाकणं मला पटत नाही. काकांनी या दिवसांत हाताने विणलेलं, कडेला आतून पिशवीसारखी घडी असलेलं जुन्या पद्धतीचं जाळं करून देतो म्हटलंय, त्यात आतल्या दोऱ्याच नसतात. सूत मी नेऊन दिलंय.